चहाचं आधण: गॅस की केटल?

आधणवाली: माझं स्पष्ट मत, चहाचं आधण गॅसवर ठेवणं म्हणजे उधळपट्टी. लहान पातेलं, मोठा बर्नर, अर्धी आच कडेने वर जाते आणि स्वयंपाकघर तापतं ते वेगळंच. १५०० वॉटच्या केटलमध्ये अर्धा लिटर पाणी दोन-सव्वादोन मिनिटांत उकळतं, मग ते पातेल्यात ओता आणि पावडर, साखर, दूध पुढचं गॅसवर. पटत नसेल तर बोला.

गवतीचहा: नाहीच पटत. आलं नि गवती चहा गार पाण्यातच टाकायचा, पाणी तापत जातं तसा अर्क उतरतो. तुम्ही उकळतं पाणी ओतणार, वर परत पाच मिनिटं उकळवणार, मग वाचवलं काय?

आधणवाली: अहो पाणी उकळीपर्यंत न्यायलाच तर खरा गॅस जळतो! एकदा उकळी आली की आच बारीक करा, मोठी ठेवून पाणी जास्त गरम होत नाही, नुसती वाफ जाते. आलं ठेचून टाका, उतरतंय की.

बिलवाला: भावनेपेक्षा हिशोब बघा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली जेवढी उष्णता खरंच भांड्याला लागते तेवढ्याच कामाला केटलवर ढोबळमानाने १२० युनिट जातील. आता बिलावर तुमच्या वरच्या स्लॅबचा रेट काय पडतो तो बघून गुणाकार करा, एसी-गीझरवाल्या घरात गॅसच स्वस्त निघेल बहुतेक.

आधणवाली: आणि १०० युनिटच्या आत बिल येणाऱ्यांचं काय?

बिलवाला: त्यांनी खुशाल केटल वापरावी. फक्त दोन कपांसाठी ती काठोकाठ भरू नका, तिथेच सगळी बचत जाते.

होस्टेलकर: मायक्रोवेव्ह कोणीच नाही म्हणालं? मगमध्ये पाणी, दीड मिनिट, टीबॅग, संपलं.

गवतीचहा: त्याला चहा म्हणू नका प्लीज. आणि जपून, गुळगुळीत मगात पाणी कधी कधी बुडबुडे न येता १०० च्या वर तापतं आणि चमचा घातला की एकदम उसळून हातावर येतं. आत लाकडी काडी ठेवून तापवा.

होस्टेलकर: बरं मग इंडक्शन? केटलसारखंच फास्ट आणि आलं गार पाण्यापासून टाकता येतं, दोघांचंही समाधान.

गवतीचहा: माझं चहाचं पातेलं ॲल्युमिनियमचं आहे, साध्या इंडक्शनवर तापतच नाही. शिवाय आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते, तेव्हा या सगळ्यांनी कुठे जायचं?

आधणवाली: गुरुवारी या गॅसवर. बाकी सहा दिवस मी सांगितलंय तेच.