सातपुड्यावरची वन्यजीव चित्रमालिका : रानपिंगळा, मे महिन्याचं ऊन आणि गॅलरीची तारीख

तापीकाठ विचारतात :

नमस्कार मंडळी. सातपुडा आणि तापीच्या खोऱ्यावर आठ तैलचित्रांची वास्तववादी मालिका सुरू करतोय. पहिली तीन ठरली आहेत : रानपिंगळा (सातपुड्यातलं दुर्मीळ छोटं घुबड, ३६ × ४८ इंच), केळीच्या बागेतला वाघ (३० × ४०) आणि हतनूर धरणाच्या पाण्यावरची हिवाळी बदकं (२४ × ४८). संदर्भाला फोटो आहेत, काही माझे, काही एका छायाचित्रकार मित्राचे.

तीन शंका. रानपिंगळा फोटोत ओळखू येतो, पण स्केचमध्ये साधा पिंगळा वाटतो, तर नेमकं काय बघायचं? दुसरं, स्टुडिओ म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. एप्रिल-मेमध्ये कूलर लावून तैलरंगाचं काम करता येईल का? तिसरं, मालिकेची बातमी आत्ताच द्यावी की चित्रं झाल्यावर? मुंबईच्या गॅलरीला अर्ज कधी करावा?

रानवाट_शहादा :

भो, पक्ष्याचं आधी सांगतो, कारण शहादा-तोरणमाळच्या माणसाला हा चुकलेला बघवत नाही.

माथ्यापासून सुरू करा. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, राखाडी तपकिरी. हाताला पिंगळ्याची सवय असली की ठिपके आपोआप पडतात, ते टाळा. छातीवर गडद तपकिरी सलग भाग, त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, आडवे पट्टे फक्त कुशीला. पंखावरचे आणि शेपटीवरचे पट्टे रुंद आणि ठसठशीत. पण खरी गोम पायात आहे. पाय जाड, पांढऱ्या पिसांनी भरलेले, पंजे अंगाच्या मानाने मोठे. चोचही दणकट. बाकी सगळं बरोबर काढून पाय किडकिडीत ठेवलेत तर पिंगळाच दिसणार. शिवाय हा दिवसाढवळ्या शिकार करतो, त्यामुळे त्याला चांदण्यात बसवायची गरज नाही.

आता मापाचं बघा. पक्षी साधारण २३ सेंमी, म्हणजे ९ इंच. ३६ इंच उंचीच्या कॅनव्हासवर खऱ्या आकारात काढला तर उंचीचा पाव भाग. छान बसतो. पण मग झाडही त्याच मापात हवं. ३० सेंमी जाडीचं सागाचं खोड तुमच्या चित्रात १२ इंच रुंद येईल. आणि सागाचं पान ३० सेंमीच्या पुढे सहज जातं, म्हणजे एकेक पान पक्ष्यापेक्षा लांब! बहुतेक चित्रं इथेच फसतात. पानं आंब्याएवढी काढतात आणि पक्षी घारीएवढा वाटायला लागतो.

महिना आधीच ठरवून टाका, कारण जंगल महिन्यानुसार बदलतं आणि जाणकार तेच आधी बघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सागाच्या बऱ्याच पानांची अळ्यांनी जाळी केलेली असते. शिरा शाबूत, मधला हिरवा भाग गायब. पान मागून उजेडात धरल्यासारखं दिसतं ते यामुळे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तेव्हा साग पानं टाकत असतो. फुललेला पळस आणि शेजारी हिरवागार साग एका चौकटीत आले की चित्र खोटं पडलं. वाळलेलं पान वरून तांबूस तपकिरी, खालून फिकट राखाडी, कडा आत वळलेल्या. जमिनीवर पडलेल्यांत दोन्ही बाजू मिसळून दाखवा, नाहीतर सगळा तपकिरी गालिचा होतो.

उजेड. खानदेशात शून्य सावलीचा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्या सुमाराला दुपारी सावली थेट बुडाशी पडते, पक्ष्याचं कपाळ उजळतं आणि डोळे अंधारात जातात. चित्राला ते वाईट. सकाळी नऊच्या आतला तिरका उजेड घ्या. फोटोत सावल्या काळ्या येतात, प्रत्यक्षात जमिनीवरच्या वाळक्या पानांवरून उबदार उजेड वर उसळतो. म्हणून पोटाचा पांढरा निव्वळ टायटॅनियम व्हाइट नको : वरच्या कडेला किंचित अल्ट्रामरीन निळा, खालच्या कडेला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचा कण. पाठीसाठी रॉ अंबर, थोडं अल्ट्रामरीन, पांढरा. काळी ट्यूब उघडूच नका.

आणि हो, १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती, नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. म्हणून चित्राखाली ‘सातपुडा’ एवढंच लिहा. नाला, पाडा, झाड यांचा उल्लेख नको, आणि फोटो ऑनलाइन टाकताना त्यातलं लोकेशन काढून टाका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणं तर अजिबात नको. विणीच्या काळात त्याने घरट्याचं नुकसान होतं.

जी_नाइन_रावेर :

वाघाच्या चित्रावर थोडं. मुक्ताईनगर-रावेर पट्ट्यातली केळी म्हणजे सिनेमातलं जंगल नाही. लागवड सरळ ओळीत, पाच बाय पाच फुटांच्या आसपास. ओळी काढल्याशिवाय बाग दिसणारच नाही. ठिबकच्या काळ्या नळ्या काढा, धुऱ्याला वाऱ्याच्या आडोशाला लावलेली शेवरी काढा, घडांवर घातलेल्या पिशव्याही काढा. हे ‘कुरूप’ म्हणून गाळलं तर चित्र केरळचंही वाटू शकतं. वरची पानं वाऱ्याने शिरेपर्यंत चिरलेली, खालची वाळून खोडाला लटकलेली.

वाघाची खांद्याची उंची तीन फुटांच्या आसपास, वाढलेल्या केळीचं खोड सहा-सात फूट. म्हणजे वाघ खोडाच्या निम्म्याला येतो. पानांतून गाळून येणारा उजेड पिवळट हिरवा असतो, तो नारिंगी अंगावर पडला की रंग मरतो. फोटोशॉपमधला भडक नारिंगी तिथे दिसत नाही. उन्हाचा कवडसा जिथे थेट पडेल तेवढ्याच जागी नारिंगी ठेवा.

अजून एक. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि डाव्या-उजव्या कुशीचेही वेगळे. रचनेसाठी फोटो आडवा उलटवला की तो वाघ जगात नसतो. ताडोबाच्या वाघाचे पट्टे घेऊन खाली ‘मुक्ताई-भवानी’ (आमच्याकडचं राखीव जंगल) लिहिलं तर वनखात्यातला कोणीही कॅमेरा ट्रॅपचे फोटो लावून पकडेल.

अळशीचंतेल :

पत्र्याच्या खोलीबद्दल. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. ४४-४५ अंशांत वरचा पापुद्रा लवकर धरतो, आत ओला राहतो. जाड आणि तेलकट थर दिलात तर सुरकुत्या पडणार. म्हणून खालचे थर पातळ, टर्पेंटाइन जास्त. वर जाताना तेल वाढवा. खाली अंबर ठेवा, ते लवकर सुकतं. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन उशिरा सुकतात, ते खालच्या थरात गेले की वरचा थर तडकतो. टर्पेंटाइन दुपारी पॅलेटवरच उडून जातं आणि रंग ओढला जात नाही, चिकटतो. पिसांचं बारीक काम सकाळी सहा ते दहा, दुपारी फक्त कॅनव्हास तयार करणं.

कूलर लावा, पण झोत कॅनव्हासवर नको. दमट हवेत सुती कॅनव्हासचा ताण बदलतो, कूलर बंद केला की पुन्हा बदलतो. रोज असा खेळ झाला तर कोपऱ्यांत सुरकुत्या आणि पुढे भेगा. खिडकी उघडी ठेवून कूलर विरुद्ध भिंतीकडे वळवा. दुपारच्या वाऱ्याची धूळ ओल्या रंगावर बसते, म्हणून काम थांबलं की कॅनव्हासचा चेहरा भिंतीकडे, वरची कड पुढे झुकवून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं : अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते, ढीग असला तर ती बाहेर पडत नाही आणि चिंध्या आपोआप पेटतात. पत्र्याखाली तर हमखास. प्रत्येक चिंधी वेगळी पसरून सुकवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

४८ इंचांच्या चौकटीला मधे आडवी पट्टी आणि कोपऱ्यांत लाकडी पाचरी हव्यातच. ॲक्रिलिक जेस्सोचे (रंगाआधीचा पांढरा थर) तीन हात, मधे २२० नंबरचा पॉलिश पेपर. ब्रशचं एक सांगून ठेवतो : मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी ‘अस्सल’ म्हणून दिला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे, आणि वन्यजीव चित्रकाराकडे तो सापडणं म्हणजे कहरच. सिंथेटिक आणि डुकराच्या केसांचे पुरतात.

तापीकाठ :

खूप उपयोगी. खोड आणि पानांची मापं आजच कागदावर मांडतो. बदकांबद्दल कोणी सांगेल का? आणि मित्राचा फोटो जसाच्या तसा वापरला तर चालतं का?

रानवाट_शहादा :

बदकांत पिसाऱ्याचा महिना बघा. मोठ्या लालसरीचा नर हंगामाच्या सुरुवातीला बहुधा मादीसारखाच मळकट असतो, चोच तेवढी लाल. नारिंगी डोकं डिसेंबर-जानेवारीत. चक्रवाक नराच्या गळ्यातला काळा गोफही ऐन थंडीत पुसट असतो. आणि पाणी उतरत जातं तसे काठावर चिखलाचे आडवे पट्टे उमटतात. ते पट्टे आले की धरणाचं पाणी वाटतं, नाहीतर समुद्र.

कलादालन_बाहेर :

फोटोचा हक्क काढणाऱ्याचा. मित्र असला तरी लेखी परवानगी घ्या : कोणता फोटो, कोणत्या चित्रासाठी, विक्री आणि छपाई चालेल का. स्पर्धांच्या अर्जांत हे बऱ्याचदा विचारतात. त्याहून बरं म्हणजे फोटोतून फक्त पक्ष्याची बांधणी घ्यायची आणि मागचं जंगल स्वतःच्या स्केचवरून उभं करायचं. ४०० मिमी लेन्समागे झाडं चपटी आणि धूसर होतात, तीच धूसरता रंगवली की लगेच कळतं की समोर झाड नव्हतं, मोबाइलचा पडदा होता.

बातमीचं माझं मत स्पष्ट आहे. मालिकेची घोषणा आत्ता करू नका, एकेक चित्र पूर्ण झालं की त्याची बातमी द्या. ‘आठ चित्रांची भव्य मालिका लवकरच’ म्हणून टाकलं आणि दुसऱ्याच चित्रावर अडकलात तर पुढची दोन वर्षं लोक तेच विचारतात. बातमीत शीर्षक, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी, सेंमीत), वर्ष, आणि चित्र विक्रीला आहे की नाही. विशेषणं दुसऱ्यांना वापरू द्या.

गॅलरीचं मात्र उलट. जहांगीरसारख्या ठिकाणी अर्ज आणि प्रत्यक्ष तारीख यांत काही वर्षं जातात, म्हणून तीन-चार चित्रं उत्तम झाली की अर्ज टाका, आठव्या चित्राची वाट बघू नका. तोवर बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आणि कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आहे. तिथे एकेकटं चित्र पाठवता येतं. नाव यादीत आलं तर तीच खरी बातमी.

तारखेचं गणित मागून मांडा. अंतिम व्हार्निश रंग लागल्यावर सहा महिने ते वर्षाने. तेवढा वेळ नसेल तर हाताला कोरडं झाल्यावर रिटच व्हार्निशचा (तात्पुरतं व्हार्निश) पातळ हात. फोटो व्हार्निशच्या आधी काढा, नंतर चकाकी येते.

पाठवताना चौकटीसकट लाकडी पेटीत, शक्यतो उन्हाळा सोडून. गुंडाळायचंच असेल तर रंगाची बाजू बाहेर, किमान सहा इंची पीव्हीसी पाइपवर, आठ इंची मिळाला तर आणखी बरं (जळगावात पाइप शोधायला कुठे जायचं हे सांगायला नको). रंगावर ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग फोम. बबल रॅप थेट लावलात तर ट्रकच्या उन्हात गोल ठसे उमटतात आणि ते निघत नाहीत. झिंक व्हाइट वापरला असेल तर गुंडाळूच नका, तो ठिसूळ होतो. आणि पोचल्या दिवशीच उघडून ताणायला सांगा, नळीत आठवडाभर ठेवू नये.