चढावर नाडी १२०च्या आत ठेवायची आहे, साधं घड्याळ सुचवा

टेकडीवाली:
माझं वय ५६. रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि चढावर नाडी १२०च्या वर जाऊ देऊ नका असंही बजावलंय. मी सहकारनगरला राहते, त्यामुळे एरवी तळजई आणि रविवारी पर्वती. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना छाती भरून येते. थांबून बोटांनी नाडी मोजते, पण थांबलं की ठोके लगेच उतरायला लागतात. प्रत्यक्ष चढताना किती होते ते कळतच नाही.

भाच्याने दिलेलं एक स्वस्त घड्याळ आहे. सपाटीवर ते बोटांशी जुळतं. चढ लागला की बराच वेळ ९० वर अडकून राहतं आणि मग एकदम १३० दाखवतं. मी कशावर विश्वास ठेवू?

मला फोन, मेसेज, गाणी, झोपेचा हिशोब यातलं काही नको. आकडा मोठा हवा, उन्हात चष्म्याशिवाय दिसायला हवा. १२० ओलांडले की घड्याळ थरथरायला हवं. पावसातही चालते, म्हणून बटणं असली तर उत्तम. छातीला बांधायचा पट्टा बायकांना जाचतो का, हेही वापरणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

निवांत:
माझ्याकडे शाओमीचा बँड आहे. चालण्याचा व्यायाम सुरू करून मर्यादा घालून ठेवली की ती ओलांडल्यावर थरथरतो. तुमच्या घड्याळात ही सोय आहे का ते आधी बघा. आणि मनगटाच्या हाडावर बांधू नका, त्याच्या दोन बोटं वर, जरा घट्ट बांधा. निम्म्या तक्रारी सैल पट्ट्याच्या असतात.

यवतेश्वर_घाट:
ताई, मी साताऱ्याचा, पळणारा. आमचा सराव यवतेश्वरच्या चढावर आणि कासच्या रस्त्याला असतो, म्हणजे तुमची अडचण आमची रोजचीच. घट्ट बांधण्याचा निवांत यांचा सल्ला बरोबर आहे, पण तुमच्या कामाला तेवढा पुरणार नाही. का ते सांगतो.

मनगटावरचं घड्याळ ठोके थेट मोजत नाही. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त तो शोषून घेतं, दर ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित कमी-जास्त होतं आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या त्या बारीकशा फरकावरून घड्याळ अंदाज बांधतं. हात हलला, गारठ्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसल्या, घड्याळ सरकलं, की तो फरक गोंधळात बुडून जातो. शिवाय आकडा उड्या मारू नये म्हणून काही सेकंदांची सरासरी काढली जाते. चढावर नाडी पटकन वाढते आणि घड्याळ मागे राहतं. तुमचं ९० वर अडकणं बहुधा हेच.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. भरभर चालताना मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं पडतात. कधीकधी घड्याळ हाताच्या झोक्यालाच ठोका समजतं आणि पावलं मोजून नाडी म्हणून दाखवतं. ज्याची नाडी दीडशेच्या पुढे गेलेली असते त्याला हा घोळ ओळखता येतो. तुमची मर्यादाच १२० आहे! घड्याळ ११५ दाखवतंय ते हृदय की पाय, हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून मी तुम्हाला कळकळीने सांगतो, पट्टा घ्या.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, त्याला हाताच्या हालचालीशी देणंघेणं नाही. ही काही नवी टूम नाही. फिनलंडमधल्या केंपेले गावची पोलार कंपनी १९७७ साली सुरू झाली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिने खेळाडूंसाठी बिनतारी पट्टा आणि घड्याळ आणलं. आजही प्रशिक्षक मनगटावरचे आकडे पट्ट्याशीच ताडून बघतात.

आता खरेदीचं. आधी पट्टा ठरवा, मग घड्याळ. दुकानात एकच प्रश्न विचारा: हे घड्याळ बाहेरचा छातीचा पट्टा जोडून घेतं का? बरेच स्वस्त बँड घेत नाहीत, आणि खोक्यावर ते लिहिलेलं नसतं. गार्मिनचं फोररनर ५५ घेतं. त्याला पाच बटणं आहेत, पडदा उन्हात जास्तच स्पष्ट दिसतो आणि व्यायामात ठोक्यांची वरची मर्यादा घालता येते. पोलारचं पेसरही त्याच जातीचं. नवीन घ्यायला दोन्ही महाग आहेत, पण पळणारी मंडळी दर दोन-तीन वर्षांनी घड्याळं बदलतात. पुण्यातल्या एखाद्या धावगटात विचारा, वापरलेलं चांगलं मिळेल. बॅटरी किती टिकते तेवढं बघून घ्या.

घड्याळ वयावरून स्वतःच नाडीचे टप्पे (झोन) पाडतं, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. २२० वजा वय या सूत्राने तुमची कमाल नाडी १६४ येते, २०८ वजा वयाच्या ०.७ पट या सूत्राने १६९. दोन्ही सरासरी अंदाज, आणि तुमची गोळी त्यांना माहीत नाही. डॉक्टरांचे १२० हाताने भरा.

शुश्रूषा:
मी हृदयरुग्णांच्या व्यायाम विभागात परिचारिका आहे. घड्याळाआधी दोन गोष्टी विचारते. ‘छाती भरून येते’ म्हणजे फक्त धाप लागते, की छातीवर दाब येतो? दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, चक्कर यातलं काहीही असेल तर आकडा ८० असला तरी थांबायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचे.

दुसरं, गोळी कोणती? मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत. त्यावर असलेल्या माणसाला ११० लाही चांगलाच श्रम झालेला असू शकतो. आम्ही रुग्णांना आकड्याबरोबर बोलणंही तपासायला सांगतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा.

पट्ट्याबद्दल: तो स्तनांच्या लगेच खाली, ब्राच्या पट्टीखाली बसतो. पहिले काही दिवस जाणीव होते, मग नाही. घट्ट हवा, पण खोल श्वास अडता कामा नये. पेसमेकर असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

टेकडीवाली:
दाब नाही, धापच. कळ वगैरे कधी आली नाही. पण गोळी मेटोप्रोलॉलच आहे! म्हणजे १२० हा आकडा गोळी धरून दिलाय का, ते पुढच्या तपासणीत विचारतेच. तोवर पर्वती बंद, तळजईची सपाट वाट.

पावलांचं वाचून आज मुद्दाम हात स्थिर धरून चालले. आकडा झटकन १११ वरून ९८ वर आला, बोटांनी मोजले तर ९६. भाच्याचं घड्याळ पट्टा जोडून घेत नाही, तेही बघितलं. पोलारचा एच९ पट्टा आणि वापरलेलं फोररनर असं ठरवतेय. पट्ट्याची निगा काय ठेवायची?

यवतेश्वर_घाट:
एच९ चालेल. बांधण्याआधी आतली रबरी पट्टी पाण्याने ओली करा, कोरडी असली तर सुरुवातीला आकडे वेडेवाकडे येतात. घरी आल्यावर सेन्सर पट्ट्यापासून काढून ठेवा. ओल्या पट्ट्याला लावून ठेवला तर तो चालूच राहतो आणि सेल उतरतो. पट्टा साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. सेल सीआर२०२५ लागतो, घड्याळवाल्याकडे मिळतो.

घड्याळाच्या सेटिंगमध्ये पट्टा जोडल्याची खूण आली का ते निघण्यापूर्वी बघा. पट्टा सापडला नाही तर घड्याळ न सांगता मनगटाचा आकडा दाखवायला लागतं.