‘आम्सहाउस’ला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

लेकीकडे इंग्लंडमध्ये लीड्सला गेले होते, तेव्हा जवळचे सॉल्टेअर पाहून आले. टायटस सॉल्ट या लोकरगिरणीच्या मालकाने कामगारांसाठी वसवलेले हे गाव. त्यात थकलेल्या, हातपाय चालेनासे झालेल्या माणसांसाठी १८६८ साली बांधलेली ४५ घरे आहेत. त्यांना तिथे ‘आम्सहाउसेस’ म्हणतात (स्पेलिंगमधला ‘ल’ उच्चारत नाहीत, हे लेकीने सांगितले). आमच्या ज्येष्ठ मंडळाच्या अंकासाठी लिहिते आहे आणि या एका शब्दापाशी अडले आहे. भिक्षागृह, अनाथाश्रम, वृद्धाश्रम, धर्मशाळा असे सगळे लिहून खोडले. मी डोळ्यांनी पाहिलेल्या घरांवर यातला एकही शब्द बसत नाही.

उत्तर

धर्मशाळा का नको? ‘माय, धर्म कर’ या हाकेतला धर्म म्हणजे दानच. दानधर्म, धर्मादाय हे शब्दही तिथलेच. शिवाय मुंबईत भायखळ्याची सर जमशेटजी जीजीभॉय धर्मशाळा म्हाताऱ्या, निराधार माणसांसाठीच आहे. म्हणजे या अर्थाने हा शब्द आपल्याकडे वापरात होता.

त्यावर दुसरे उत्तर

मुंबईचा दाखला अगदी योग्य आहे आणि ‘धर्म’ही हवाच. इंग्रजी शब्दाचा पहिला भाग ग्रीकमधून, लॅटिनमार्गे आला, आणि त्याचे मूळ दया, करुणा असे आहे. ‘भिक्षा’ घेतली की घेणाऱ्याचा पसरलेला हात दिसतो. ‘धर्म’ म्हटले की देणाऱ्याची बुद्धी दिसते. माझी अडचण ‘शाळा’शी आहे. पंढरपूर-आळंदीला जाणाऱ्या मराठी माणसाला धर्मशाळा म्हटले की वळकटी, ओवरी आणि दोन रात्रींचा मुक्काम आठवतो. इथे माणूस मरेपर्यंत राहायला येतो.

शब्द ठरवण्याआधी ही बांधणी नीट पाहू या. नेहमीचा नमुना असा: मधल्या चौकाच्या तीन अंगांना बैठ्या किंवा एकमजली घरांची रांग, चौथी बाजू रस्त्याकडे मोकळी. आपल्या चौसोपी वाड्याचा चौक आत, घरच्यांपुरता असतो. हा चौक मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणूनच असतो. मधोमध प्रार्थनामंदिर किंवा उंच त्रिकोणी माथ्याचा दर्शनी भाग, त्यावर दात्याचे नाव, साल आणि कुळाचे चिन्ह. लंडनच्या पेंज भागात थेम्सच्या नावाड्यांसाठी १८४०-४१मध्ये बांधलेली घरे पाहा, विटांची आणि ट्यूडर धाटणीची. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ही तीनशे वर्षांपूर्वीची धाटणी मुद्दाम निवडली जाई, कारण तिच्यातून जुन्या काळच्या दानाची आठवण जागी होई. सॉल्टेअरची घरे मात्र लॉकवूड आणि मॉसन या वास्तुविशारदांनी गावाच्या इतर इमारतींसारखी इटालियन वळणाची केली.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती धुराडी. रांगेच्या छपरावर ती ओळीने उभी दिसतात, कारण आत प्रत्येकाची चूल वेगळी. प्रत्येकाचे दारही वेगळे, थेट चौकात उघडणारे, आणि त्याची कडी आतून लावता येणारी. आश्रमात पंगत असते, इथे आपापली चूल आहे. म्हणून शब्दात ‘आश्रम’ नको, ‘शाळा’ नको, ‘घर’ हवे. माझी सूचना: धर्मघर. आणि ते अनेकवचनी वापरा. इंग्रजीतही रांगेबद्दल बोलताना बहुधा अनेकवचनच येते.

आणखी एक

वर्कहाउसशी याची गल्लत अनुवादांत फार होते, ती टाळा. १८३४च्या गरीब कायद्यानंतरची वर्कहाउसे गावकऱ्यांवरच्या करातून चालत. तिथे नवरा-बायकोला वेगळ्या दालनांत ठेवत, अंगावर संस्थेचे कपडे, पोटासाठी खडी फोडायची. लोक तिथे जायला घाबरावेत, हाच हेतू. वास्तुविशारद प्यूजिनने १८४१मध्ये आपल्या पुस्तकात मध्ययुगीन धर्मघर आणि आपल्या काळचे तुरुंगासारखे वर्कहाउस यांची चित्रे समोरासमोर छापली होती. दोन्हींना ‘अनाथगृह’ म्हणून मोकळे झालो, तर त्याने दाखवलेला भेदच पुसला जातो.

प्रश्नकर्ती

धर्मघर आवडले. पण ‘धर्मचाळ’ कसे वाटते? रांग आहे, लागून लागून दारे आहेत.

त्यावर

रांगेपुरते जुळते. पण चाळ म्हटले की सामाईक गॅलरी, जिना, नळ आलेच. शिवाय चाळीत भाडे असते. धर्मघरात भाडे नसे, उलट राहणाऱ्यालाच काही मिळे.

एक सावधगिरी. याच वास्तूंना इंग्रजीत ‘हॉस्पिटल’ही म्हणत. विंचेस्टरचे सेंट क्रॉस हॉस्पिटल बाराव्या शतकातले, पण ते रुग्णालय नव्हे. तिथे आजही वृद्ध ‘बंधू’ राहतात. तिसरे नाव ‘बीडहाउस’. ‘बीड’ म्हणजे मुळात प्रार्थना. राहणाऱ्याने दात्याच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना करायची, ती मोजायला माळ. पुढे माळेच्या मण्यालाच ‘बीड’ म्हणू लागले. आपली जपमाळ आठवा, म्हणजे अर्थ कसा सरकला ते लगेच कळते. आणि चौथे ‘असायलम’. पेंजच्या नावाड्यांच्या घरांचे नाव तेच होते. त्याचे ‘वेड्यांचे इस्पितळ’ करू नका. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावाच्या ‘इन्फर्म असायलम’ला लोक काय म्हणतात? ‘निवारा’. इतका नेमका अनुवाद मी क्वचितच पाहिला आहे.

प्रश्नकर्ती

‘निवारा’ वाचून खरेच भरून आले. तो शब्द लेखाच्या शीर्षकात घेते, मजकुरात ‘धर्मघरे’. शेवटची शंका: सॉल्टेअरला एकट्या माणसाला आठवड्याला साडेसात शिलिंग आणि जोडप्याला दहा शिलिंग मिळत. त्याला पेन्शन लिहू, की वर्षासन?

त्यावर

वर्षासन वर्षाचे, इथे रक्कम आठवड्याची. पेन्शन लिहिलेत, तर वाचकाला सरकारी नोकरी आठवेल. सरळ लिहा: ‘एकट्याला आठवड्याचे साडेसात आणि जोडप्याला दहा शिलिंग बांधून दिले होते.’