कयाकिंगला सोबत कशी हवी? तुमचे अनुभव येऊ द्या

खाडीकाठची
काल माळा आवरताना एक नारिंगी शिट्टी सापडली. दोरी कुजलीय, पण वाजते अजून. वाजवली तर खालून लेक ओरडला, "आई, कुकर झाला!" आणि मी थेट देवबागला पोचले.

२०१४ चा डिसेंबर. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे आम्ही पाच जण, चार कयाक. ओहोटी लागलीय हे कुणी बघितलंच नव्हतं. नदीचं पाणी बाहेर ओढतंय, समोरून लाटा आत येतायत, तोंडावर नुसतं उभं पाणी. तिघं हुर्यो करत पुढे. मी मागे, जीव खाऊन वल्हं मारतेय आणि काठावरचं ते एकच सुरूचं झाड बाजूला तसंच. ग्रुपमधला एक जण, ज्याच्याशी माझं धड बोलणंही नव्हतं, वळून आला. कयाक माझ्या कयाकला लावली, हाताने धरून ठेवली आणि विचारलं, "सू लागलीय का?"

लागली होती! दोन तासांपासून. म्हणून पाणीही पीत नव्हते, डोकं ठणकत होतं. तो म्हणाला, मलाही, चल त्सुनामी बेटाकडे वळू. दमलीस का, जमेल का, असलं काही नाही. शिट्टी त्याचीच, परत द्यायची राहिली.

तुमचे असे कुणी? नकोसे सोबतीही चालतील.

अर्धवट_पोहणारा
नकोसा सोबती = मी. डबल कयाक, मी पुढे, बायको मागे. पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने तो पाळून दिशा सांभाळायची, बास एवढंच असतं. मी दर दोन मिनिटांनी थांबून फोटो. तिचं वल्हं माझ्या वल्ह्यावर खाडखाड. परदेशात या प्रकाराला 'घटस्फोट होडी' म्हणतात हे नंतर कळलं. लग्न शाबूत आहे, कयाक मात्र आता वेगवेगळ्या घेतो.

निमा
हाहा. पुढे बसलं की मागचा वल्हवतोय का झोपलाय कळतच नाही. माझा भाऊ पाळोळेहून बटरफ्लाय बीचपर्यंत चक्क बसून आला. वर किनाऱ्यावर खांदे चोळत होता!!

मालवणचो_झिल
ओहोटी बघितली नाय म्हणजे काय? पंचांग कित्याक असता घरात? तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा संगमावर ओढ जास्त.
दुसरं म्हणजे मतलई वारा. थंडीत पहाटेपासून जमिनीकडून सुटतो. काठाजवळ पाणी कसं तेलासारखं, आत जाताना कळत पण नाय कोण ढकलतंय. तोंड फिरवलं की कळतं. दुपारी खारा वारा सुटतो तो परत आणतो खरा, पण लाटा घेऊन.
मी सोबत्याला एकच विचारतो, परत फिरायचं किती वाजता? 'बघू' म्हणाला की माका तो नको.

रेवती७
पाऊणपट!! आमचे आजोबा भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभे राहून बोटांवर करायचे. मग ठरायचं आज कालवं काढायला जायचं की नाही. कालवं खाऊन किती वर्षं झाली…

भटकी_सुगरण
कालवांचं सुकं की आमटी? 

रेवती७
सुकं. भरपूर कांदा.

सिएटलकर
इथे ऑगस्टमध्येही पाणी १३ अंशांच्या आसपास, त्यामुळे कपडे ऊन बघून नाही, पाणी बघून घालायचे. माझी सोबतीण ६६ वर्षांची निवृत्त नर्स. पहिल्याच महिन्यात मी उलटलो. ती शांतपणे म्हणाली, होडी सोडू नकोस. माझ्या कयाकचं नाक ओढून स्वतःच्या कयाकवर आडवं घेतलं, पाणी ओतलं, सुलटी केली आणि मी चढेपर्यंत धरून राहिली. दोन-तीन मिनिटांचा खेळ. तेवढ्यात विचारून झालं, आज जेवायला काय करणार. दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला ती मुद्दाम सगळ्यांना उलटायला लावते.

निमा
मग काय केलंत जेवायला

सिएटलकर
खिचडी. हात थरथरत होते, मीठ दोनदा पडलं.

अपर्णा_ठाणे
मूळ विषयावर: सू लागलीय हे बायकांनी सांगायचं कुणाला? आमचा गाइड दर वेळी "दहाच मिनिटं मॅडम". ती कोकणी दहा मिनिटं. मी आता निघतानाच सगळ्यांसमोर विचारते, वाटेत उतरायला जागा कुठे आहे. पुरुषही खूश होतात असं दिसलंय, फक्त बोलत नाहीत.

भटकी_सुगरण
आणि जो चिक्की आणत नाही पण दुसऱ्याची संपवतो त्याचं काय करायचं?

एकटा_जीव
मी एकटाच जातो बुवा. शांतता.

मालवणचो_झिल
एकटो जाव नको. जातलंस तर काठावर कोणाक तरी परत येवची वेळ सांगून जा.

एकटा_जीव
सांगतो की. किनाऱ्यावर चहाची टपरी आहे, तिथल्या मावशींना. एकदा ४० मिनिटं उशीर झाला. येऊन बघतो तर मावशींनी रापणवाल्या मच्छीमारांना जेवणावरून उठवलेलं, एक होडी अर्धी पाण्यात. शिव्या काय घातल्या! वर चहाचे पैसेही घेतले.

अपर्णा_ठाणे
मावशी कुठल्या किनाऱ्यावर? जानेवारीत जातोय.

खाडीकाठची
भाकऱ्या टाकता टाकता वाचतेय सगळं. अपडेट: त्याचा नंबर अजून होता, शिट्टीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "ही माझी नव्हे. माझी माझ्याकडेच आहे."

निमा
मग ही कुणाची??

मालवणचो_झिल
कुणाची का असेना. दोरी नवी लाव.