अमेरिकेचा निकाल आणि आपल्या टपरीवरची मते

खाडीकाठचा मास्तर (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल आपल्याकडे दुपारी चारच्या सुमारास स्पष्ट झाला, तेव्हा मी एसटी स्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर होतो. रस्त्यावरून आपल्याच विधानसभेच्या प्रचाराची रिक्षा कर्णा लावून फिरत होती आणि टपरीवर मात्र तिकडच्या पेनसिल्व्हेनिया राज्याची चर्चा रंगली होती. एका गृहस्थांनी आनंदाने सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. ज्यांचा मुलगा तिकडे नोकरीला आहे, ते दुसरे गृहस्थ ग्लास अर्धा ठेवून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, की २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही त्या हरल्या, मग याला लोकशाही कसे म्हणायचे? राज्यांच्या वतीने राष्ट्राध्यक्ष निवडणारे ५३८ निर्वाचक, बहुमतासाठी २७०, बहुतेक राज्यांत पुढे असलेल्या उमेदवाराला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळणे, हे सारे मी फळ्यावर मांडले. या वेळी ट्रम्प यांना ३१२ निर्वाचक मिळाले आणि एकूण मतांतही ते पुढे राहिले, हेही सांगितले. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या निवडणुकीत आपल्याला मतच नाही, तिचा निकाल आपण कोणत्या मापाने मोजतो? आपल्याला हवा तो उमेदवार आला तर ‘परिपक्व लोकशाही’ आणि नाही आला तर ‘तिकडची जनता खुळी’, याखेरीज काही माप आपल्यापाशी आहे का?

बर्फाची लादी (हर्णै)

मास्तर, आमच्याकडे माप आहे आणि ते किलोचे आहे. मी कोळंबी निर्यातीच्या व्यवसायात आहे. आपल्या गोठवलेल्या कोळंबीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने भारतीय मालावर लावलेले नवे आयातशुल्क आधी २५ आणि मग, भारत रशियाचे तेल घेतो हे कारण देऊन, ५० टक्क्यांवर गेले. कोळंबीवर तिकडचे इतर कर आधीपासून होतेच. त्या आठवड्यात सोलणाऱ्या बायकांनी मला विचारले, “दादा, उद्या यायचे की नाही?” त्यांची मजुरी किलोवर असते, माल आला नाही तर दिवस कोरडा जातो. निकालाच्या दिवशी यांतील एकीलाही ट्रम्प यांच्याविषयी काडीचे मत नव्हते, आज आहे, आणि ते मी येथे लिहू शकत नाही.

तरीही केवळ राष्ट्राध्यक्षाकडे पाहून निकालाचा अर्थ लावणे मला चुकीचे वाटते. अमेरिकेत १९८९ सालचा एक कायदा आहे, ज्यावर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांची सही आहे. ज्या देशाच्या ट्रॉलरच्या जाळ्यांत कासवाला निसटून जाण्याची सोय नाही, त्या देशाची समुद्रातली कोळंबी तिथे घेतली जात नाही. त्याविरुद्ध भारत इतर तीन देशांबरोबर जागतिक व्यापार संघटनेत गेला, १९९८ साली निवाडा झाला, आणि कायदा जिथल्या तिथे राहिला. २०१९ पासून आपल्या समुद्रातल्या कोळंबीला तो दरवाजा बंद आहे. तळ्यात वाढवलेल्या वेनामी जातीच्या कोळंबीला ही अट लागू नाही, म्हणून धंदा तगला. ही बंदी ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत आली आणि बायडन यांच्या काळातही उठली नाही. वेळासच्या किनाऱ्यावर आपणच कासवांची अंडी जपतो आणि त्याच कासवांपायी आपली कोळंबी अडते. असो, तो वेगळा विषय आहे. सांगायचे ते एवढेच, की टपरीवर चहा पाजणाऱ्याने आणि चहा अर्धा ठेवून उठणाऱ्याने असे कायदे करणाऱ्या तिकडच्या काँग्रेसचा, म्हणजे संसदेचा, निकाल पाहिला होता का, हे विचारा.

कुवेतहून परतलेला (खेड)

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत बळकावले तेव्हा मी तिथेच होतो, इतर हजारो भारतीयांप्रमाणे जॉर्डनमार्गे परतलो आणि देश मुक्त झाल्यावर पुन्हा त्याच मालकाच्या दुकानात रुजू झालो. नोव्हेंबर १९९२ मध्ये थोरले बुश हरल्याची बातमी आली, तेव्हा मालकाने रेडिओ बंद केला आणि मला विचारले, की ज्याने आमचा देश सोडवला त्याला त्याच्याच लोकांनी घरी का बसवले? तिथल्या मतदाराला कुवेत नव्हे, आपली नोकरी आणि मंदी दिसत होती, हे त्याला पटेना. पुढल्या एप्रिलमध्ये बुश कुवेतला आले तेव्हा त्यांचे जंगी स्वागत झाले. त्याच माणसाचे नाव इराकी माणसासमोर घेतले असते, तर काय ऐकावे लागले असते याची कल्पना करा.

२००८ साली ओबामा जिंकले तेव्हा केनियाने सार्वजनिक सुट्टी दिली. २०१६ साली ट्रम्प यांच्या विजयाची बातमी येताच रशियाच्या संसदेत टाळ्या पडल्या आणि मेक्सिकोचे चलन घसरले. ‘परदेशी लोकांना काय वाटते’ असा एकच प्रश्न करू नये, मास्तर. परदेशी म्हणून कोणी एक माणूस नाही.

मालवणी चष्मा (मालवण)

वरील दोन्ही उत्तरांत नफातोटा आला, नाते राहून गेले. या निवडणुकीत ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या कमला हॅरिस यांच्या आजोबांच्या गावी, तमिळनाडूतील तुळसेंद्रपुरम येथे, लोकांनी देवळात पूजा घातली होती. त्याला हसण्याचा अधिकार आम्हा मालवणकरांना नाही. आमच्या तालुक्यातील वराड गावच्या मातीशी नाते असलेले लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा आयर्लंड नकाशात कुठे आहे हे धड ठाऊक नसलेली माणसेही ‘आपलो झील’ (आपला मुलगा) म्हणून पेढे मागत होती, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते गावी आले तेव्हा तर विचारूच नका. त्यांच्या पक्षाचे धोरण काय, हा प्रश्न कोणालाही पडला नाही, मलाही नाही.

खाडीकाठचा मास्तर (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. खेडचे काका, आपला आक्षेप मान्य; प्रश्नच सैल मांडला होता. हर्णैच्या दादांनी सांगितलेला कासवांचा कायदा सोमवारी वर्गात घेईन. मात्र त्या विद्यार्थिनीचे समाधान अजून झालेले नाही. आपल्याकडेही मतांची टक्केवारी आणि जागा जुळत नाहीत, असे मी तिला सांगितले, त्यावर ती म्हणाली, “सर, मग आपण तिकडे बोट का दाखवतो?” चहा अर्धा टाकून गेलेले गृहस्थ तिचे वडील आहेत, हे मला नंतर समजले.