मदत हवी आहे: एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) च्या बारीक शाफ्टला फिनिशिंगसाठी कोणता इन्सर्ट (टूलवरची बदलता येणारी कापायची टीप)?

नमस्कार मंडळी, सीएनसी लेथवर एसएस ३०४ चा शाफ्ट चालूये, डाया २० आणि लांबी १८० (सगळी मापं मिमीमध्ये), टेलस्टॉक म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार लावलेलाच आहे तरी मधोमध चॅटर (थरथर) येतो आणि डाया तिथे ०.०३ ने जास्त भरतो. इन्सर्ट सीएनएमजी १२०४०८, म्हणजे नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८, फिनिशिंगला कटची खोली फक्त ०.३ आणि फीड दर फेऱ्याला ०.१२. माझा अंदाज असा की कट नोज रेडियसपेक्षा कमी असल्यामुळे सगळं कटिंग नाकावरच होतंय आणि जोर जॉबला आडवा ढकलण्यात जातोय. वरून चिप (कापलेला कीस) तुटत नाही, लांबच लांब दोरा निघतो आणि जॉब धरणाऱ्या चकभोवती असा गुंडाळतो की दर जॉबला मशीन थांबवून हुकने ओढून काढावा लागतो, हात कापायची भीती वेगळीच.

०.४ रेडियसचा लावला तर चॅटर गेला पण त्याच फीडला रेषा दिसायला लागल्या, ते तर होणारच, रेषांची खोली म्हणजे फीडचा वर्ग भागिले आठ पट रेडियस हा हिशोब सगळ्यांना माहितीये. फीड कमी करावा तर चिप अजूनच तुटत नाही आणि ३०४ घासून कडक होतं.

पार्टीला आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) १.६ मायक्रॉनच्या आत हवाय. आता डीसीएमटीसारखा पॉझिटिव्ह (कमी जोरात कापणारा), धारदार इन्सर्ट घ्यावा का, की वायपर, म्हणजे नाकाजवळ सपाट धार असलेला, रेषा पुसणारा? वायपरने बारीक जॉबवर चॅटर वाढतो असं ऐकलंय. पॉझिटिव्ह रेकची (कापायच्या उताराची) धार ३०४ मध्ये टिकते का, का लगेच मटेरियल चिकटून टवके उडतात? कोणी असा जॉब रोज काढत असेल तर चिपब्रेकर (इन्सर्टवरची चिप तोडणारी खाच) आणि स्पीड सांगा प्लीज.