दीड तासाचा प्रवास परवडतो का?
शिफ्टच्या नोकरीत पगार जास्त असेल तर एका बाजूचा दीड तासाचा प्रवास करावा का, असा प्रश्न पडतो. ड्यूटी १२ तासांची असेल तर हिशोब करून बघा. ओव्हर देण्याघेण्यात, म्हणजे पाळी बदलताना काम एकमेकांकडे सोपवण्यात, अर्धा तास जातोच, जाऊन-येऊन ३ तास, झाले साडेपंधरा. उरलेल्या साडेआठ तासांत अंघोळ, जेवण, घरचं सगळं आणि झोप! ८ तासांच्या पाळीत तर आठवड्याला खेपा जास्त, म्हणजे आणखी वैताग. माझ्या मते पाऊण तास पुरे.

आणि रात्रपाळीनंतरचं काय? एकदा सकाळी स्कूटरवर सिग्नलला थांबले, मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा जाग आली. तेव्हापासून नाइट असली की बसनेच जाते. डुलकी लागली तर फार तर स्टॉप चुकतो.